मदत हवी आहे: आकाशगंगेच्या भुजा टिकतच नाहीत

चक्रम_चकती: आकाशगंगेचं सिम्युलेशन करतोय. चार सर्पिल भुजा व्यवस्थित मांडून सुरुवात केली, पण शंभर कोटी वर्षांच्या आत सगळ्या गुंडाळल्या जाऊन नुसती सपाट चकती उरते. कोडमध्ये कुठे चुकतंय? लवकर सांगा, वैताग आलाय.

निशाचर: वेग काय दिलाय? तारे एकमेकांना ओढतात की नुसते फिरतात?

चक्रम_चकती: सगळ्यांना सेकंदाला २२० किमी, अर्थात. ओढायचं कशाला? कक्षा ठरलेल्याच आहेत.

निशाचर: मग कोड बरोबर आहे! १३,००० प्रकाशवर्षांवरचा तारा ११ कोटी वर्षांत फेरी मारतो, २६,००० वरच्याला २२ कोटी लागतात. शंभर कोटी वर्षांत आतला साडेचार फेऱ्या पुढे. भुजा म्हणजे ठरावीक ताऱ्यांची रांग धरलीत तर ती गुंडाळणारच. लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये घनता तरंग, म्हणजे चकतीतून फिरणारी गर्दीची लाट, मांडला तो यासाठीच. तारे भुजेत शिरतात, बाहेर पडतात. वायू तिथे दाबला जाऊन नवे तारे जन्मतात, त्यातले मोठे निळे तारे लांब जायच्या आत संपतात, म्हणून भुजा उजळ. तरंगाला स्वतःचा स्थिर कोनीय वेग द्या.

उल्का७७: मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान घातलंत का? सगळं त्याच्याभोवतीच फिरतं ना?

निशाचर: नाही हो. ते जेमतेम ४० लाख सूर्यांएवढं. इतक्या लांब त्याला कोण विचारतो.

खडूस_खगोली: तरंग वरून लादला तर भुजा दिसणारच, त्यात कळलं काय? गुरुत्वाकर्षण चालू करा. कुठेही थोडी गर्दी झाली की वेगातला फरक तिला ताणतो आणि ताणली जातानाच ती वाढते. भुजा येतात, विरतात, नव्या येतात. कायमची भुजा हा हट्टच सोडा.

निशाचर: तुमच्या भुजा काही फेऱ्यांत बंद पडतात, ते पण सांगा की. ताऱ्यांची वेडीवाकडी चाल वाढत जाते, मग गर्दी जमत नाही.

खडूस_खगोली: थंड वायू घालत राहा, चालू राहतात.

ध्रुवबाळ: पण चारच का? स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००८ मध्ये दोनच ठळक भुजा सांगितल्या होत्या.

निशाचर: ते म्हाताऱ्या ताऱ्यांत. वायू आणि तरुण तारे बघा, चार निघतात. वेगळा धागा काढा.

चक्रम_चकती: अहो, मी काय करू? एक लाख कण आहेत, गुरुत्वाकर्षण लावलं तर लॅपटॉप झोपेल.

खडूस_खगोली: प्रत्येक जोडी मोजू नका, ट्री पद्धत वापरा, म्हणजे लांबच्या कणांचा गट एकच कण धरायचा. आणि कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण ओढणारं द्रव्य) घाला, नाहीतर मधे दांडा, म्हणजे ताऱ्यांचा लांबट पट्टा, तयार होईल.

उल्का७७: दांडा तर आपल्या आकाशगंगेत आहेच की.

खडूस_खगोली: आहे. पण त्यांनी भुजा मागितल्यात.