कॉलेजसाठी मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) टाकावं का? खरंच फुकट आहे की नंतर बिल येतं?

भूगोलवाले_सर:
नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, साधारण 1,200 पोरं. लॉकडाऊनमध्ये सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं, नोट्स काय, असाइनमेंटचे फोटो काय, कोणी काय जमा केलं ते आजतागायत सापडलेलं नाही. आता नॅक (कॉलेजचा दर्जा तपासणारी समिती) येणार म्हणून प्राचार्यांना अचानक एलएमएस हवंय, म्हणजे नोट्स-असाइनमेंट सगळं एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. एका कंपनीने डोक्यामागे वर्षाचा रेट दिला तो ऐकून सेक्रेटरी साहेब गप्पच झाले. मी म्हटलं मूडल घेऊ, फुकट आहे, तर प्राचार्य म्हणतात फुकटचं म्हणजे उद्या बंद पडणार. खरं काय? आणि लिनक्सचा (सर्व्हरवर असते ती विंडोजसारखी सिस्टीम) गंध नसलेल्या माणसाला हे झेपेल का?

सर्व्हरवाला:
बंद पडायचं असतं तर केव्हाच पडलं असतं सर. 1.0 आलं ऑगस्ट 2002 ला. मार्टिन डुगियामास म्हणून ऑस्ट्रेलियातला माणूस, पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाचं विकतचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, त्याला वैतागून स्वतःचं लिहायला बसला. लहानपणी हा आडरानात राहायचा, तिथे शाळा रेडिओवरून भरायची, म्हणजे दूरशिक्षण त्याने पुस्तकात नाही वाचलेलं! आणि वेबसीटी? 2006 मध्ये ब्लॅकबोर्ड नावाच्या कंपनीने गिळलं, नंतर नावही उरलं नाही.

पैशांचं म्हणाल तर पर्थला मूडलची कंपनी आहे, जगभरातल्या पार्टनर कंपन्या होस्टिंग-सपोर्ट विकतात आणि त्यातला वाटा तिला जातो. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड कोणीही वापरावा, बदलावा असं खुलं, त्यामुळे कंपनी बुडाली तरी तुमच्याकडचा कोड कोणी परत मागू शकत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने 2005 मध्ये हेच निवडलं, आज मूडलची क्विझ इतकी चांगली आहे त्यात त्यांच्या डेव्हलपर लोकांचा मोठा हात आहे. आयआयटी बॉम्बेतही मूडलच चालतं, हे प्राचार्यांना आधी सांगा, बाकी काही सांगायची गरज पडणार नाही 😄

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
फुकट आहे ते सॉफ्टवेअर, सर्व्हर नाही आणि माणूस तर नाहीच. आमच्याकडे हौसेने टाकलं, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) लावायचं राहिलं, महिनाभर एकाही पोराला मेल गेला नाही आणि सगळे मूडलला शिव्या घालत बसले. दुसरं म्हणजे बॅकअप. नुसता डेटाबेस घेऊन उपयोग नाही, पोरांनी अपलोड केलेल्या फायली मूडलडेटा फोल्डरमध्ये असतात, दोन्ही घ्या आणि एकदा दुसऱ्या मशीनवर परत चढवून बघा. तो फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा नाहीतर गावभर वाटला जाईल. वर्षातून दोनदा नवं व्हर्जन येतं, त्याच्या मागे धावू नका, 4.5 एलटीएस आहे, म्हणजे जास्त वर्षं दुरुस्त्या मिळणारं, ते घ्या. पोरांची नावं एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादीची फाइल) करून एकदम चढवता येतात, हाताने भरत बसू नका.

आणि सर, हे तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. बीसीएस किंवा बीसीएवाला, म्हणजे कंप्युटरचा, विभाग असेल तर तिथला एक जण गाठा.

जुनी_जाणती:
मी थोडं कडू बोलते. सॉफ्टवेअर निवडण्यात सहा महिने घालवतात आणि शेवटी सगळे पीडीएफ टाकून मोकळे. मूडलचा पायाच मुळी असा की पोरांनी एकमेकांशी बोलत, काहीतरी करत शिकावं, म्हणून फोरम (चर्चेची जागा), विकी (सगळ्यांनी मिळून लिहायचं पान), ग्लॉसरी (शब्दसंग्रह) आहेत. आमच्याकडे चर्चा सुरू झाली ती एका बाईंमुळे, मराठीच्या, त्यांनी बोलीभाषेतल्या शब्दांची ग्लॉसरी पोरांकडून भरून घेतली. कंप्युटरवाल्यांच्या कोर्सवर तेव्हा फक्त सिलॅबस होता.

भूगोलवाले_सर:
ग्लॉसरीचं भारी आहे ताई, आमच्याकडे पोरांना गावोगावच्या ओढ्या-नाल्यांची नावं फोटोसकट भरायला लावतो. बीसीएसचा एक पोरगा पकडलाय, तो म्हणतो जुन्या लॅबमधल्या पीसीवर ट्रायल टाकू. 4 जीबी रॅम आहे, चाळीस पोरांपुरतं चालेल ना?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
नोट्स-फोरमला चालेल. चाळीस जणांना एकाच मिनिटाला क्विझ उघडायला लावू नका फक्त. आणि यूपीएस आहे का तिथे?