बऱ्याच वर्षांनी जिंजर बिअर, मदत हवी आहे

मंडळी, परदेशात होतो तेव्हा घरी बिअर करायचा लई नाद होता, आता कोल्हापुरात लायसन्सशिवाय ते जमत नाही म्हणून जिंजर बिअरवर, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेल्या फसफसत्या पेयावर, भागवतोय. आलं सालीसकट किसून साखरपाण्यात ठेवलंय, रोज चमचाभर आलं-साखर घालतोय, बुडबुडे यायला लागलेत, वासपण मस्त आंबूस. तर साखरेऐवजी आपला गूळ चालेल का? गुऱ्हाळात रस भेंडीनं साफ करतात, वर चुना वगैरे पडतो, त्यात यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) नीट चालतं का कुणी बघितलंय? आणि इथं पारा 35 च्या वर, बाटली बाहेर किती वेळ ठेवायची? काचेची फुटायची भीती वाटते, म्हणून सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून ती गॅसनं कडक झाली की फ्रीजमध्ये टाकायचा विचार आहे. करून बघितलेल्यांनीच सांगा राव, व्हिडिओ नका पाठवू.