सीए-३ चं मॉडेल सारख्या आठवणींची सरमिसळ करतंय, काय चुकतंय?

पडवीकर, दापोली
टी.वाय.च्या मुलांना हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी साठवणारा भाग) दाखवायला त्यातल्या सीए-३ या पट्ट्याचं छोटं मॉडेल पायथनमध्ये केलंय. 200 न्यूरॉन, मूल्यं +1 किंवा −1, वेट (दोन न्यूरॉनमधल्या जोडाचं बळ) हेबच्या नियमाने, म्हणजे दर नमुन्याला दोघांच्या मूल्यांचा गुणाकार मिळवत; न्यूरॉनचं स्वतःशी वेट शून्य. कसेही निवडलेले 10 नमुने साठवले तर 20 टक्के बिट बिघडवूनही मूळ नमुना परत येतो. मग मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून दोन नमुने हर्णै आणि मिरकरवाडा बंदरांचे केले. होड्या, बर्फ, लिलाव, वास सगळं तेच, म्हणून 170 बिट सारखे. आता अर्धवट हर्णै दिलं की निम्मं मिरकरवाडा बाहेर येतं. न्यूरॉन वाढवू का? आणि एनएमडीए रिसेप्टर (पेशींच्या जोडावरचं, शिकताना लागणारं प्रथिन) या गणितात कुठे बसतो?

खाजणातला न्यूरॉन
वाढवून गोंगाट उतरेल, रोग तोच राहील. दोन्ही नमुन्यांची वेटं मिळवून बघा: सारख्या 170 बिटांकडून वेगळ्या 30 बिटांकडे जाणारं वेट शून्य येतं, कारण एक नमुना जे मिळवतो ते दुसरा वजा करतो. म्हणजे हर्णै कुठलं आणि मिरकरवाडा कुठला हे ठरवायला ते 30 बिट फक्त एकमेकांच्या आधारावर उरतात, आणि बाकीच्या 8 नमुन्यांचा गोंगाट त्यांना सहज हलवतो.

मेंदूत माल सीए-३ ला पोचण्याआधी हिप्पोकॅम्पसच्याच डेंटेट गायरस या भागातून जातो. उंदरात तिथे सुमारे 10 लाख ग्रॅन्यूल पेशी आहेत, सीए-३ मध्ये साधारण 3 लाख, आणि एका वेळी ग्रॅन्यूल पेशींतल्या अगदी थोड्याच बोलतात. तुम्हीही तेच करा. 200 बिट, त्यापुढे कशाही वेटांनी जोडलेले 1000 न्यूरॉन, सर्वांत जास्त इनपुट मिळालेल्या 20 न्यूरॉनना 1, बाकीच्यांना 0. तोच सीए-३ चा नमुना समजा. हेबचा नियम मात्र बदला: (x−a) गुणिले (x−a), इथे x म्हणजे जोडातल्या एकेका न्यूरॉनचं मूल्य आणि a म्हणजे 1 असलेल्यांचं प्रमाण, 0.02. हे वजा करायचं राहिलं तर एकही वेट ऋण होत नाही आणि नमुने एकमेकांत मिसळायची शक्यता वाढते.

पडवीकर, दापोली
केलं. दोन्ही बंदरं सुटी झाली, पण आता बिघडवलेलं हर्णै दिलं तर ओळखतच नाही.

सुरंगी, वेंगुर्ला
आठवताना खूणही डेंटेटमधूनच सोडत असणार. डेंटेटचं कामच थोडा फरक मोठा करणं. बिघडलेलं हर्णै त्याला तिसरंच बंदर वाटतं. आठवण आत जाते एका दाराने, काढायची दुसऱ्या.

उंदराच्या एका सीए-३ पेशीवर डेंटेटकडून येणाऱ्या तंतूंचे, म्हणजे मॉसी फायबरचे, जेमतेम 46 सिनॅप्स (पेशींमधले जोड) येतात, पण प्रत्येक दणकट. हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या एन्टोरायनल कॉर्टेक्सकडून थेट सुमारे 4,000, आणि सीए-३ च्याच इतर पेशींकडून 12,000 च्या आसपास. साठवताना मॉसी फायबर ठरवतात कुठल्या पेशी पेटतील. आठवताना खूण त्या 4,000 वरून येते, उरलेलं 12,000 भरून काढतात.

म्हणून आणखी एक मॅट्रिक्स घ्या, 1000 × 200. साठवताना सीए-३ चा नमुना (a वजा करून) गुणिले इनपुट, अशी भर घालत जा. आठवताना खूण या मॅट्रिक्समधून एकदा सोडा, वरचे 20 निवडा, मग आतल्या वेटांवर पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत पुन्हा वरचे 20. खुणेत त्या 30 बिटांतलं काहीच शाबूत नसेल तर मॉडेलला दोष देऊ नका. तेवढ्यावर माणूसही बंदर सांगणार नाही.

खाजणातला न्यूरॉन
सुरंगीताईंचं बरोबर, डेंटेट सुचवताना हे मीच सांगायला हवं होतं. मुलांना 2002 चा शास्त्रज्ञ टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतला प्रयोगही सांगा. फक्त सीए-३ मधला एनएमडीए रिसेप्टर काढलेले उंदीर पाण्याच्या टाकीत भिंतीवरच्या चार खुणांवरून लपलेला फलाट शिकले. चारही खुणा असताना तो शोधायचे, एकच ठेवली की चुकायचे. तुमच्या मॉडेलमध्ये आतली 1000 × 1000 वेटं शून्य करा आणि खूण अपुरी द्या.

एनएमडीए बसतो वेट वाढवण्याच्या ओळीत. पेशी शांत असताना त्याच्या वाटेत मॅग्नेशियम अडकलेलं असतं. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट (निरोप नेणारं रसायन) आलं आणि त्याच वेळी ही पेशीही पुरेशी उत्तेजित असली, तरच मॅग्नेशियम सुटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन्ही एकत्र, म्हणूनच सूत्रात गुणाकार. पुढे कॅमकायनेज-2 या एन्झाइममुळे एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेटचा निरोप झटपट घेणारे) वाढतात, तेच वाढलेलं वेट; ते दिवसेंदिवस टिकायला नवी प्रथिनं लागतात. आठवताना काम मुख्यतः एएमपीएचं. मॉसी फायबरच्या सिनॅप्समधला बदल मात्र एनएमडीएविना होतो. परीक्षेत मुलं हमखास तिथे घसरतात.

सुरंगी, वेंगुर्ला
जुनं 200 वालं मॉडेलही ठेवा. त्यात न्यूरॉन एकेक करून बदला. सगळे एकदम बदलले तर ते दोन अवस्थांत झुलत राहू शकतं. नमुने साठवायची मर्यादा साधारण 0.14 गुणिले न्यूरॉन, म्हणजे 27-28 नमुने. आणि कधी अगदी उलटा नमुना आला तर कोड तपासत बसू नका, +1/−1 मध्ये तोही तितकाच स्थिर असतो.