मदत हवी आहे: सिक्स्थ फॉर्ममधले 'फ्री पिरियड' आणि ईपीक्यू

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मुलगी यंदा इयर १२ मध्ये, म्हणजे सिक्स्थ फॉर्मचं पहिलं वर्ष, आपल्याकडची अकरावी. विषय तीनच: गणित, केमिस्ट्री, बायोलॉजी. आम्ही दोघं सोलापुरात शिकलेलो, अकरावीला ढीगभर विषय आणि वर क्लास. त्यामुळे तिचं वेळापत्रक बघून मी हबकलेच! आठवड्यात कितीतरी तास कोरे. ती म्हणते, "आई, ते मोकळे नसतात गं, लायब्ररीत आपला आपण अभ्यास करायचा." करते का, देव जाणे.

आता शाळा विचारतेय, ईपीक्यू (एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन) करणार का? स्वतः विषय निवडून साधारण ५,००० शब्दांचा निबंध लिहायचा, यूकासमध्ये (विद्यापीठ प्रवेशाची इथली यंत्रणा) त्याला एका ए-लेव्हल विषयाच्या (इथली बारावीची परीक्षा) निम्मे गुण. पण हिला मेडिसिनला जायचंय. तो अर्ज इयर १३ च्या ऑक्टोबरच्या मध्यालाच जातो, त्याआधी उन्हाळ्यात यूकॅट ही मेडिसिनची प्रवेश परीक्षा. शिवाय ड्यूक ऑफ एडिनबरा गोल्ड या तरुणांसाठीच्या पुरस्काराची हौस आहेच, पाठीवर सामान घेऊन ४ दिवस रानोमाळ. शनिवारी दुकानात नोकरी करायचं खूळ वेगळंच.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा ना: मेडिसिनच्या मुलाखतीत ईपीक्यूचा खरंच उपयोग झाला का? की तोच वेळ केअर होममध्ये स्वयंसेवा करण्यात घालवलेला बरा? स्लाऊ-विंडसर भागात १६ वर्षांच्या मुलांना कुठे घेतात? आम्ही दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे १८ पूर्ण हवं म्हणाले.

ईपीक्यूचा होकार-नकार शाळेला या शुक्रवारपर्यंत कळवायचाय.