शब्दचर्चा: 'प्रिव्हिलेज' आणि 'अलाय'ला मराठीत काय म्हणावं?

कढीलिंब:
मी अटलांटाजवळ अल्फारेटाला राहते. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इथल्या वर्णद्वेषावर लेख लिहायला घेतलाय. बोलताना काही अडत नाही, पण मराठीत लिहायला बसलं की दोन शब्दांपाशी थांबायला होतं: प्रिव्हिलेज (न मागता, जन्मानेच मिळालेला फायदा) आणि अलाय (ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या बाजूने उभा राहणारा, पण त्यांच्यातला नसलेला माणूस). संपादकांनी 'विशेषाधिकार' आणि 'सहयोगी' सुचवलेत. 'सहयोगी' म्हटलं की मला फक्त सहयोगी प्राध्यापक आठवतात.

निमित्त सांगते, म्हणजे शब्द कशासाठी हवेत ते कळेल. गणपतीच्या हॉलसाठी एकाच्या घरी बैठक होती. एक हॉल मोठा, भाडं कमी, पार्किंग भरपूर. कुणीतरी म्हणालं, "एरिया चांगला नाही." का नाही, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. तरी एकाने आवाज खाली आणून सांगितलंच, "काळे जास्त आहेत ना तिकडे." दार बंद, आत सगळे मराठी. तिथे आवाज खाली कशाला आणायचा, हे मला कळलेलं नाही. यातलेच दोघं-तिघं फूड बँकेत पोती उचलायला जातात, मनापासून जातात. त्यांना शिवी वाटणार नाही आणि पळवाटही मिळणार नाही, असे शब्द हवेत.

खडूफळा:
पळवाट तुमच्या दुसऱ्याच वाक्यात आहे. 'वर्णद्वेष'. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे हा शब्द आपल्याकडे रुळला, तिथे शोभलाही. पण त्यात 'द्वेष' असल्यामुळे जो तो सुटतो. "आम्ही कुठे कुणाचा द्वेष करतो?" आणि ते खरंही असतं. हॉल नाकारायला द्वेष लागतच नाही. आपण 'जातिद्वेष' क्वचित म्हणतो, 'जातिभेद' सर्रास म्हणतो. त्याच चालीवर 'वर्णभेद' लिहा. 'वंशवाद' नको, हिंदीत त्याचा अर्थ घराणेशाही होतो. 'वर्ण' म्हटलं की रंगाबरोबर चातुर्वर्ण्यही आठवतं, अशी तक्रार काही जण करतात. आठवू दे की.

उंबरठा:
थोडं अवांतर. पेपरात 'कृष्णवर्णीय', जुन्या पुस्तकांत 'निग्रो', घरात 'काळे' आणि माझ्या आजीच्या तोंडी 'हबशी'. हबशी म्हणजे मूळचा हबसाणातला, अ‍ॅबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा. मलिक अंबर हबशीच होता. त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. निजामशाहीच्या जमीन महसुलाची घडीही त्यानेच बसवली. अशा माणसाच्या ओळखीची शिवी आपण कधी केली, देव जाणे. लेखात 'कृष्णवर्णीय' लिहा. बोजड आहे, पण पर्याय त्याहून वाईट आहेत.

मोडीवाचक:
'विशेषाधिकार' मला चालणार नाही. तो विधिमंडळातला शब्द. आमदारांचे विशेषाधिकार असतात, त्यांना धक्का लागला की हक्कभंग येतो. म्हणजे हा मान्यताप्राप्त, कागदावरचा हक्क. कढीलिंबताई ज्याबद्दल बोलतायत ते कुठे लिहिलेलं नसतं. 'सवलत' तर मुळीच नको. आपल्याकडे हा शब्द निघाला की चर्चा थेट आरक्षणावर जाते आणि अर्थ उलटाच होतो. ज्याच्या आजोबाला शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यालाच 'सवलतवाला' म्हणून टोमणे.

माझी सूचना: मिरास. जुन्या गावगाड्यात शेतकरी दोन तऱ्हेचे, मिरासी आणि उपरी. मिरासदाराची जमीन पिढीजात, गावाच्या कारभारात त्याला बसायला जागा, सणावाराला मानपान. उपरी बाहेरगावाहून आलेला, कौलाने जमीन कसणारा. उन्हात नांगर दोघेही धरायचे, म्हणून मला हा शब्द आवडतो. मिरासदाराला कष्ट नव्हते, असं कुणीच म्हणत नाही. पण दुष्काळात तो गाव सोडून गेला आणि वर्षानुवर्षांनी परतला, तरी जमिनीवरचा हक्क त्याचाच. उपऱ्याला 'तू इथे कसा?' हे केव्हाही विचारता यायचं. शब्द अरबीतून आला, अर्थ वारसा. बोलण्यातही आहेच की, "ही काय तुमची मिरासदारी आहे का?"

दोनबॅगा:
शब्द झकास, पण आम्हाला कसा लागू होतो? आम्ही इथे दोन बॅगा आणि डोक्यावर कर्ज घेऊन आलो. मिरास गोऱ्यांची. आम्ही उपरीच. विमानतळावर बाजूला घेतात, ते आम्हालाच.

मोडीवाचक:
उपरी खरेच, आणि बाजूला घेतात तो भेदभावच. पण आत कसे आलात ते बघा. 1923 साली भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद काय, तर मी उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोऱ्यांतला. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे 1946 च्या कायद्याने भारतीयांना इथे स्थायिक व्हायला वर्षाला 100 जागा मिळाल्या. शंभर! दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या ऑक्टोबरमध्ये, देशागणिक कोटे मोडणाऱ्या स्थलांतर कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता, आणि 1965 च्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा. देशागणिक कोटे ठेवणं लाजिरवाणं वाटावं, ही हवा कुणी तयार केली? अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी लाठ्या खाणाऱ्या कृष्णवर्णीयांनी. तुमच्या दोन बॅगा ज्या दारातून आत आल्या, ते उघडायला ज्यांनी खांदा लावला, त्यांच्या वस्तीत आता हॉल नको.

बॅगांमध्ये काय होतं, तेही आठवा. चांगलं इंग्रजी, शिकलेले आईबाप, घर भाड्याने घेताना पुण्यात कधी न अडलेलं आडनाव.

दोनबॅगा:
1965 चं माहीत नव्हतं, वाचतो. आईबापांचं मात्र माझ्या बाबतीत चूक आहे. वडील लालबागला गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. आडनावाचं नाकारत नाही.

पाणवठा:
'अलाय'वर कुणी बोललंच नाही. मी बौद्ध आहे, महाडजवळचा. 'कैवारी' कृपा करून लिहू नका. तो शब्द आमच्याकडे निवडणुकीच्या फ्लेक्सवर येतो. कैवारी पुढे उभा, हार त्याच्या गळ्यात, आणि ज्यांचा कैवार घेतला ते मागे कुठेतरी. 'मित्रपक्ष' वाचून लोक हसतील, तो कोणत्या सकाळी कोणत्या बाजूला असेल सांगता येत नाही. 'साथी' चांगला, पण तो सेवा दलाने आपलासा केलाय.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. आता अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज फिरायला निघाले की हॉटेलपुढे गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायला लावायचे. त्या मंडळींची तोंडं कशी झाली असतील, ते मला फार बघावंसं वाटतं. छत्रपतींनी दिलेला कप नाही कसा म्हणायचा! अस्पृश्यतेवर प्रवचन नाही, गंगारामवर दयाही नाही. गल्ल्यात पैसे पडले. मोडीवाचकांच्या भाषेत, महाराजांनी आपली मिरास तिथे खर्चाला काढली.

महाडलाही तसंच. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हे कायस्थ. नेतृत्व बाबासाहेबांचं, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. आमच्या घरी यांना कुठलंच बिरुद लावत नाहीत. आजोबा एवढंच म्हणायचे, "ते बाबासाहेबांबरोबर होते."

खडूफळा:
मग नाम हवंच कशाला? 'बरोबर असणे' चालेल. 'कड घेणे' हेही आहे.

पाणवठा:
'कड घेणे'ला भावकीचा वास येतो. आपला म्हणून कड घेतात, चुकला तरी घेतात. आणि 'मी अलाय आहे' असं जाहीर करता येतं. 'मी त्यांच्याबरोबर आहे' म्हटलं की पुढचा विचारतो, कुठे होतास?

उंबरठा:
पण अंकाच्या लेखाला शीर्षक लागतं. क्रियापदाचं शीर्षक कसं करणार?

कढीलिंब:
शीर्षकाचं बघू. 'वर्णभेद' घेतला, 'बरोबर असणे' घेतलं. 'मिरास' संपादकांना आवडलाय, पण इथे वाढलेल्या मुलांना कळणार नाही म्हणून तळटीप हवी म्हणतायत. मोडीवाचक, दोन ओळी लिहून द्याल का? आणि हॉल बघायला शनिवारी चौघं जातोय. तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला होता, मूर्ती किती उंचीची आणि आत धूप चालेल का, हे त्यांनीच विचारलं.

मोडीवाचक:
देतो. पण तळटीपेत 'उपरी'ही येऊ द्या. एकट्या 'मिरास'वरून मुलांना काही कळायचं नाही.