मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेल्या वडिलांचे पाय गार पडतात

धायरीकर: वडिलांचे पाय महिनाभर बर्फासारखे गार आहेत. रात्री चवडा इतका ठणकतो की पलंगावरून पाय खाली सोडून बसतात, तेव्हा जरा बरं वाटतं. एबीआय (घोट्याच्या बीपीची दंडाच्या बीपीशी तुलना) काढला, १.४५ आला, नॉर्मल म्हणाले. रक्तपुरवठा वाढवायला काय करू? लवकर सांगा, उद्या परत डायलिसिस आहे.

निवांत: वय? शुगर? सिगारेट? पायाला जखम?

हडपसरचा: पायात गोळे येत असणार. माझ्या काकांना डायलिसिसच्या शेवटच्या तासाला यायचे. पाणी मोजून प्यायला लागल्यावर थांबले.

पेठेतली: तिळाचं तेल चोळा, वर गरम पाण्याची पिशवी. आमच्याकडे हाच उपाय.

सावली२: पिशवी अजिबात नको! शुगरवाल्यांना चटका कळत नाही. माझ्या आईच्या टाचेला असाच फोड आला, भरायला चार महिने लागले.

मुळाकाठ: किडनी प्रत्यारोपणासाठी झेडटीसीसीत (अवयवांची प्रतीक्षायादी ठेवणारी संस्था) नाव नोंदवलंय का?

निवांत: ते कुणी विचारलंय? धायरीकर, उत्तर द्या.

धायरीकर: शुगर आहेच, वीस वर्षं. वय ६४. सिगारेट नाही. जखम नाही, पण उजव्या अंगठ्याशेजारचं बोट दोन दिवस काळसर दिसतंय.

डायलिसिस टेक्निशियन: अहो, हे आधी सांगायचं! १.४५ नॉर्मल नाही. शुगर आणि डायलिसिसमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, त्या कडक होतात, बीपीच्या पट्ट्याने दबत नाहीत. म्हणून आकडा खोटा चढतो. १.४ च्या वर गेला की पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायचं, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचं. काळं बोट उद्यावर टाकू नका, आजच व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला दाखवा.

हडपसरचा: ते अँजिओप्लास्टीच सांगणार. त्यात रक्तवाहिन्या दिसायला डाय (रंगद्रव्य) टोचतात, ती टोचली की उरलीसुरली किडनीही जाते.

डायलिसिस टेक्निशियन: लघवी किती होते ते सर्जनना सांगा, त्यावरून ते डाय बेताने वापरतील. त्या भीतीने पाय घालवू नका. आणि डायलिसिस चालू असताना बीपी खूप उतरत असेल तर युनिटमध्ये सांगा, तेव्हा पायाला रक्त आणखी कमी पोचतं.

पेठेतली: चोळू तरी द्या हो.

सावली२: काळं बोट चोळायचं नसतं, ताई.

धायरीकर: लघवी दिवसाला जेमतेम अर्धा पेला. बीपी दर वेळी उतरतो, मला वाटलं चालायचंच. सर्जनची चारची वेळ मिळाली. पिशवी आईकडून काढून घेतली. सुती मोजे घालून रिक्षाने निघतोय, आल्यावर लिहितो.