मदत हवी आहे: ज्वारीच्या गोदामाला सेल्फॉसची धुरी द्यायची आहे, परवाना कोणाला लागतो?

गोदाम_मंगळवेढा
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात मालदांडी ज्वारी ११० टन आणि तूर ७० टन आहे. गोदाम १८ मीटर लांब, १० रुंद, ५ उंच. वर पत्रा, पन्हाळीखाली दोन बोटं फट. पोत्यांच्या शिवणीवर सोंडे आणि लाल भुंगेरे दिसायला लागलेत. दुकानदार म्हणतो, कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, गोळ्या देतो. हे चालतं का? आमचे व्यवस्थापक बी.एस्सी. ॲग्री आहेत. त्यांच्या नावावर परवाना निघेल का? मागे ४० फुटांवर वस्ती आहे.

परवाना_कक्ष
लेटरहेडवर अजिबात घेऊ नका. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, आणि ते मर्यादित वापराच्या यादीत आहे. ते फक्त सरकार, सरकारी उपक्रम आणि परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांनाच विकता येतं. वापरही सरकारी तज्ज्ञाच्या किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्यता दिलेल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा. ३ ग्रॅमच्या १० किंवा २० गोळ्यांची नळी कोणी पुढे केली, तर त्या पॅकिंगवर पूर्ण बंदी आहे हे लक्षात ठेवा.

तुमच्या व्यवस्थापकांची पदवी चालते. कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र विषय घेतलेला विज्ञान पदवीधर लागतो. पण नुसती पदवी पुरत नाही. म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), हापूरची धान्य साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था यांपैकी एका ठिकाणचं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण प्रमाणपत्र हवं. शिवाय धुरीच्या औषधांसाठी वनस्पती संरक्षण सल्लागारांची परवानगी लागते. अर्ज बहुधा इथेच अडकतो, कारण लोक प्रमाणपत्र जोडतात आणि या परवानगीचं विसरतात. एका गोदामासाठी एवढा खटाटोप परवडणार नाही. परवानाधारकाला ठेका द्या. केंद्रीय वखार महामंडळही बाहेरची कीड नियंत्रणाची कामं घेतं, तिथेही विचारा.

ठेकेदाराच्या परवान्याची प्रत घ्या आणि त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. वाळवी-झुरळांचं काम करणाऱ्या प्रत्येकाला धुरीची परवानगी असतेच असं नाही. शंका आली तर सोलापूरला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात खात्री करा.

धुरीकरण_तंत्र
कागदाचं वर आलंच, आता कामाचं. तुमच्या पत्र्याच्या गोदामात पूर्ण गोदामाची धुरी करायला देऊ नका. त्या हिशेबाने २८ घनमीटरला २१ गोळ्या, म्हणजे ९०० घनमीटरला सुमारे ६७५ गोळ्या लागतील आणि गॅस पन्हाळीखालून निघून जाईल. थप्पीवर कव्हर टाकून करा. टनाला ३ गोळ्या धरल्या तर १८० टनांना ५४०, म्हणजे १.६२ किलो. ३ ग्रॅमच्या गोळीतून १ ग्रॅम फॉस्फीन गॅस निघतो.

कव्हर धुरीसाठीचंच हवं. साध्या ताडपत्रीच्या शिवणीतून आणि दोरीच्या भोकांतून गॅस गळतो. कडा जमिनीवर पसरून त्यावर वाळूच्या लांब पिशव्या एकमेकींवर चढवून ठेवायच्या. फरशीला भेग असेल तर आधी बुजवा.

कव्हर ७ दिवस उघडायचं नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दोन-तीन दिवसांत वरचे भुंगेरे मेलेले दिसतात, लोक कव्हर काढतात. दाण्यातली अंडी आणि कोष मात्र जिवंत राहतात आणि काही आठवड्यांत पुन्हा कीड दिसते. गोळ्या वाढवून दिवस कमी करता येत नाहीत. अर्धवट धुरी वारंवार झाली की गॅसला दाद न देणारी कीड तयार होते, मग पुढच्या वर्षी पुरती धुरी देऊनही ती मरत नाही.

गोळ्या ट्रेमध्ये एकेक सुट्ट्या मांडायच्या. ढीग केला किंवा पाणी लागलं तर पेट घेऊ शकतात. तांब्याला हा गॅस खातो, म्हणून वजनकाटा आणि मोटर आधी बाहेर काढा.

गोदाम_मंगळवेढा
आभारी आहे. वस्तीचं काय करायचं? आणि उघडताना हमाल आत कधी सोडायचे?

धुरीकरण_तंत्र
वस्तीला आधी सांगा आणि चारही बाजूंना धोक्याची पाटी लावा. ठेकेदाराकडे फॉस्फीन मीटर आहे का ते ठेका देण्याआधीच विचारा. नसेल तर दुसरा शोधा. वस्तीकडच्या भिंतीपाशी रोज मोजणी हवी. लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येतो, पण वासावर विसंबू नका, वास न येताही गॅस असू शकतो.

उघडताना फॉस्फीन रोखणारा डबा लावलेला, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घालूनच कव्हर उचलायचं. कापडी मास्क कामाचा नाही. मीटरवर ०.३ पीपीएमच्या खाली आल्याशिवाय हमाल आत नकोत. उरलेली राख ठेकेदारानेच निष्क्रिय करून न्यावी. कोणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपण जाणवलं तर मोकळ्या हवेत आणून थेट दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना ‘फॉस्फीन’ हा शब्द सांगा. यावर उतारा नाही, म्हणून वेळ घालवायचा नाही.

परवाना_कक्ष
एक राहिलं. धुरीचा परिणाम कव्हर काढलं की संपतो, म्हणून नंतर भिंती आणि फरशी फवारून घ्या. डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पाण्यात मिसळणारी पावडर लिटरला ४० ग्रॅम, १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण, दर तीन महिन्यांनी. कोणी नुवान सुचवलं तर घेऊ नका, त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.